बुलेक्सची खांदशेकणी

ही गोष्ट मी कोणाला सांगायची नाही, असं ठरलं होतं. बाबांनी पुरणाच्या पातेल्यावर हात ठेवायला लावून आम्हा सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं होतं. अडचण एवढीच झाली की त्या वेळी समोरच्या कापड दुकानाचे मोतीलालजीही घरात होते आणि त्यांनीही हात ठेवला. मोतीलालजींच्या पोटात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या तळेगावच्या पोटात असते. त्यामुळे आता गावात ही गोष्ट न सांगणारी मी एकटीच उरले आहे. तेही चाललं असतं (मला गप्प राहण्याची सवय आहे, वर्गात मी हजेरी इतकी हळू देते की सर मला पुष्कळदा गैरहजर मांडतात). पण मोतीलालजी सांगतात त्या गोष्टीत शेवटी आमचा कंप्युटर मरतो. तो मेला नाही. तो आत्ता माझ्या शेजारी घरघरतो आहे. म्हणून त्याच्या इज्जतीसाठी मी खरं काय घडलं ते लिहिते आहे.

आमचा कंप्युटर बुलेक्स कंपनीचा आहे. कंपनीची खूण म्हणजे निळ्या गोलात दोन शिंगं. बाबांनी बी-बियाण्यांचं दुकान टाकलं तेव्हा आर्वीहून तो मांडीवर घेऊन एसटीने आणला. दुकानात कितीतरी कंपन्यांचे कंप्युटर मांडले होते म्हणे, पण बाबांनी शिंगं पाहिली आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवली. "ज्याच्या कपाळावर बैल हाये तो माणसाले दगा देत नाई," असं ते म्हणाले, आणि आजपर्यंत म्हणतात. तो घरात माझ्याआधी आला. म्हणून बाबा मला त्याची धाकटी बहीण समजतात, आणि खरं सांगायचं तर दोघांत मोठ्याचा मान जरा जास्तच आहे.

माझ्या बाबांना गावात सगळे भैय्याजी म्हणतात. भैय्याजी वांग्यांवर फवारणी करतात ती बुलेक्सची टोपी घालून. फवारणीच्या पंपावर शिंगांचं स्टिकर, स्कूटरवर स्टिकर, फ्रिजवर स्टिकर. (फ्रिज दुसऱ्याच कंपनीचा आहे. दुरुस्तीला आलेला माणूस बराच वेळ मागे जाऊन पुढे येऊन पाहत होता.) इतर कंपन्यांच्या कंप्युटरला बाबा कंप्युटर म्हणत नाहीत, 'डब्बा' म्हणतात. माझी चुलत बहीण नयनताई, तिला पाहायला पुण्याचा एक इंजिनिअर मुलगा आला होता. सगळ्यांनी त्याला पगार विचारला, बाबांनी त्याला लॅपटॉप कोणता ते विचारलं. त्याने सांगितलं. त्यानंतर पोहे संपेपर्यंत बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. लग्न झालं, पण जावयाला बाबा अजून 'डब्बेवाले' म्हणतात.

मीही काही कमी नाही. माझ्या कंपासपेटीवर मी स्वतः शिंगं काढली आहेत. शाळेच्या लॅबमध्ये दुसऱ्या कंपनीचे कंप्युटर आहेत. त्यांच्यावर मी काम करते, पण मनापासून करत नाही.

तर यंदा श्रावणात आर्वीच्या डीलरचा फोन आला. ज्याच्या घरचा बुलेक्स सगळ्यांत जुना असेल, चालू असेल आणि कधीही उघडावा लागला नसेल, त्याचा डीलर सत्कार करणार होता. शिवाय त्या मालकाचा कंप्युटरसोबत फोटो काढून आर्वीच्या बसस्टँडसमोर मोठा फलक लावणार होता. स्वप्निल नावाचा डीलरचा माणूस घरी येऊन मशीन पाहणार होता. त्याची सासुरवाडी आमच्याच गावची, म्हणून त्याने पोळ्याचा दिवस धरला.

फोन ठेवल्यावर बाबांनी टोपी सरळ केली. मग आरशापुढे गेले आणि एका बाजूने, दुसऱ्या बाजूने स्वतःला पाहून आले.

"आर्वीच्या स्टँडवर, उज्वला!" ते आईला म्हणाले. "साऱ्या तालुक्याच्या एसट्या तिथं थांबतेत!"

"एसटी थांबते म्हणून लोक वर पाह्यतेत असं थोडीच हाये," आई म्हणाली. "लोक बस लागली का ते पाह्यतेत."

पण त्या दिवसापासून बाबांना दुसरं काही सुचेना. मोतीलालजी वर्षानुवर्षं आमच्या बुलेक्सला भंगार म्हणत आले आहेत. ते गादीवर बसून पातळसा नवा लॅपटॉप मांडीवर घेतात आणि रस्त्यापलीकडून ओरडतात, "भैय्याजी, अब तो बदल डालो! तुमचा चालू होईपर्यंत माझं गिऱ्हाईक कपडा शिवूनही घेते!" बाबांना त्या फलकावरून मोतीलालजींना उत्तर द्यायचं होतं. मोतीलालजी माल आणायला आठवड्याला आर्वीला जातात. प्रत्येक वेळी बसमधून उतरताना समोर बाबा दिसले पाहिजेत, वीस फूट उंच.

कंप्युटरच्या मागे एका स्क्रूवर कंपनीचं चमकतं सील होतं. ते बाबा रोज सकाळी बोटाने चाचपून पाहत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून त्याला हळद आणि लोणी पळसाच्या पानाने चोळतात, आणि जेवणाचं आवतण देतात. आमच्याकडे आता बैल नाहीत. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने होतं आणि गोठ्यात स्कूटर उभी असते. आई दरवर्षी मातीची बैलजोडी आणते आणि तिलाच बोटभर लोणी लावते.

त्या संध्याकाळी आईने लोण्याची वाटी तयार केली तेव्हा बाबा मातीच्या बैलांकडे पाहत म्हणाले, "यायनं आपल्यासाठी काय केलं?"

"कोणं?"

"या मातीच्या बैलायनं. परवा बाजारातून आले, उद्या कोपऱ्यात जातीन. आन् जो वर्षानुवर्षं दुकानाचं जू ओढून राह्यला, त्याची खांद कोणी शेकाची?"

आईला कळायच्या आधी मला कळलं. मी बाबांची मुलगी आहे.

"विजेच्या वस्तूले लोणी?" आई म्हणाली. "येड लागलं का तुमाले?"

"दसऱ्याले त्याले हळदकुंकू लावतो का नाई?"

"चिमूटभर लावतो. वाटीभर नाई."

"उद्या तो आपली इज्जत राखणार हाये, उज्वला. अन् आपण त्याले चिमटीत मोजाचं?"

यावर आईने वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "करा. पुरणपोळीले लोणी उरलं नाई तं मले बोलजा नोका."

मग प्रश्न आला की कंप्युटरचा खांदा कोणता. आमचा बुलेक्स उभ्या पेटीचा आहे, पडदा वेगळा. बाबांनी विचार केला. पडदा म्हणजे तोंड, कारण आपण त्याच्याकडे पाहून बोलतो. की-बोर्ड म्हणजे पुढचे पाय. पेटी म्हणजे धड. "आन् बैलाचा खांदा जिथं जू घासते तिथं गरम होते," बाबा म्हणाले आणि पेटीवरून तळहात फिरवू लागले. तो दिवसभर चालू होता. वरच्या मागच्या अंगाला बाबांचा हात थांबला. "हा पाह्य! हा खांदा! किती तापला बिचारा!"

तिथे जाळी होती. गरम हवा बाहेर पडायला कंपनीने ठेवलेली बारीक भोकांची जाळी.

"बाबा, तिथे भोकं आहेत," मी म्हणाले. पण मी ते माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि माझा नेहमीचा आवाज कंप्युटरच्या पंख्यापेक्षा लहान आहे.

बाबांनी पळसाच्या पानाने लोणी चोळलं. इतक्या मायेने चोळलं की आईसुद्धा पाहायला जवळ आली. त्यांच्या आबाजींकडे, म्हणजे आजोबांकडे, बैल होते तेव्हा बाबा लहानपणी असंच चोळत असतील, असं मला वाटलं. लोणी लावलं की गायब होत होतं. बाबा खूश झाले. "पाह्य, पाह्य, कसा पिऊन राह्यला! खांदा लई दुखत असन!" आणि त्यांनी अजून लावलं. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग नेहमीसारखा कंप्युटर बंद केला आणि त्याच्या अंगावर स्वतःचं नवं उपरणं पांघरलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी बाबांनी अंघोळ करून, बुलेक्सचा टी-शर्ट घालून, बटण दाबलं.

नेहमी आधी पंखा घरघरतो आणि मग पडद्यावर हळूहळू शिंगं उगवतात. त्या दिवशी पंखा घरघरला, पण शिंगं उगवली नाहीत. पडदा काळाच राहिला आणि पेटीतून आवाज आला. लांब, एकसुरी, थांबून पुन्हा. टूंऽऽऽ. टूंऽऽऽ.

बाबांनी बटण बंद करून परत दाबलं. टूंऽऽऽ.

रस्त्यापलीकडून मोतीलालजींचा आवाज आला. "भैय्याजी! बैल काऊन हंबरून राह्यला? पाणी दाखवलं नाई का?"

"खुशीत हाये!" बाबा ओरडले. "पोळा हाये आज!" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग ते खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माझे बाबा कंप्युटरसमोर टोपी काढत नाहीत. "म्याच मारला त्याले," ते हळू म्हणाले, अगदी माझ्यासारखं हळू. "बारा वाजता पोरगा येईन. आन् मोतीलाल दारातच बसून हाये."

आईने रात्रीचं सगळं ऐकवायला तोंड उघडलं होतं, पण बाबांकडे पाहून तिने त्यांना पाणीच आणून दिलं.

मला तो आवाज ओळखीचा होता. आमच्या लॅबमधला एक कंप्युटर असाच ओरडायचा. तेव्हा आमच्या ज्योत्स्ना मॅडम त्याची पेटी उघडायच्या, आतली मेमरीची बोटभर पट्टी काढायच्या, तिची सोनेरी कड साध्या खोडरबरने घासायच्या आणि परत बसवायच्या. मी नेहमी तिथेच असायचे, कारण कोणी मला काही विचारू नये म्हणून मी मॅडमच्या मागेच उभी राहते.

मी बाबांना हे सांगितलं. मला दोनदा सांगावं लागलं.

"पेटी उघडाची?" बाबा म्हणाले. "आन् सील?"

सील तुटलं तर तो 'कधीही न उघडलेला' राहणार नव्हता. नाही तोडलं तर तो चालू राहणार नव्हता. बाबा उठून पेटीच्या मागे गेले आणि सीलवर अंगठा ठेवून उभे राहिले. बाहेर दारावर टकटक झाली. "भैय्याजी, जिंदा है क्या?" मोतीलालजी विचारत होते. कंप्युटरबद्दल की बाबांबद्दल ते कळलं नाही.

"तूच तोड," बाबा मला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी पाह्यत नाई."

मी सील तोडलं, स्क्रू काढले आणि पत्रा बाजूला केला. आतून देवघरासारखा वास आला. लोणी जाळीतून पाझरून, वरून खाली, बरोबर मेमरीच्या पट्टीवर येऊन बसलं होतं. हळदीसकट. पट्टी नवरीसारखी पिवळी झाली होती. पळसाच्या पानाचा एक तुकडाही होता. एक मुंगी तळाशी फिरत होती आणि आपल्याला एवढं मोठं घर कसं मिळालं याचा विचार करत असावी.

आईने घरच्या कापसाचे बोळे करून दिले. मी लोणी टिपत होते आणि आई प्रत्येक बोळा परत मागून घेत होती.

"कायले वं?" बाबांनी भिंतीलाच विचारलं.

"चांगलं लोणी हाये. निरांजनात जळन."

मग मी कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि सोनेरी कड घासली. मॅडम घासतात तशीच, एका दिशेने. पट्टी खाचेत बसवली. दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज आला. मी बटण दाबलं.

पंखा घरघरला. आणि काळ्या पडद्यावर, आधी एक आणि मग दुसरं, अशी शिंगं उगवली.

पोळ्यात बैल तोरणाखाली उभे राहिले की गावकरी एकमेकांना चिमटे काढणाऱ्या झडत्या म्हणतात. बाबांना तोरणापर्यंत धीर निघाला नाही. त्यांनी भिंत सोडली, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून मोतीलालजींच्या तोंडावर झडती म्हटली:

"बटन रे बटन, हिरवं बटन,
हिरव्या बटनात निळा दिवा,
मोतीलालचा डब्बा नवा,
आमचा बुलेक्स गावाची हवा,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

मोतीलालजींनीही सवयीने "महादेव!" म्हटलं आणि मग ते चिडले. चिडून आत आले आणि बसूनच राहिले, आता मजा पाहूनच जाणार म्हणून.

बारा वाजता स्वप्निलदादा आला. बाबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि कंप्युटर दाखवला. शिंगं होतीच. बाबांनी त्याला वांग्याच्या बियाण्याचं बिल काढून दाखवलं. तो "वा काका, वा!" म्हणत होता. तेवढ्यात त्याने नाक वर केलं.

"घरात शिरा करून राह्यले का?"

आत कुठेतरी उरलेलं लोणी तापत होतं.

"पुरणपोळी," आई पटकन म्हणाली. "पोळा हाये ना!"

"वास तं कंप्युटरातून येऊन राह्यला," मोतीलालजी म्हणाले.

स्वप्निलदादा वाकला आणि त्याने पेटीच्या मागे पाहिलं. मग सरळ झाला. "काका, सील?"

बाबांना सांगता आलं असतं की उंदराने कुरतडलं. झुरळ म्हणता आलं असतं. जुनं होतं, आपोआप गळलं, असंही म्हणता आलं असतं. मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि मला दिसत होतं की ही सगळी उत्तरं त्यांच्या तोंडाशी येऊन परत जात आहेत. कारण त्यांच्या पोटात दुसरंच काहीतरी मावत नव्हतं.

"माह्या पोरीनं तोडलं!" बाबा म्हणाले. इतक्या जोरात की रस्त्यावरची गाय थांबली. "म्या त्याले लोणी पाजलं. बंद पडला. आन् माह्या गुंजननं त्याले उघडून, साफ करून, खोडरबरनं चालू केला! खोडरबरनं! तुमच्या कंपनीत हाये असा कोणी?"

स्वप्निलदादाने माझ्याकडे पाहिलं. "खरंच? तू केलंस? कसं केलंस?"

बोलायला पाहिजे होतं. मी खोडरबर पुढे केलं. ते पिवळं झालं होतं.

तो इतका हसला की त्याला पुन्हा पाणी द्यावं लागलं. मोतीलालजीही हसले, आणि मग मला म्हणाले, "बेटी, माझा लॅपटॉप कधीकधी गरम होते, एकदा पाह्यशील?" बाबांनी हे ऐकलं आणि त्यांची छाती टी-शर्टच्या शिंगांसकट फुगली.

पण नियम तो नियम. सत्कार गेला. तो नाचणगावच्या एका गृहस्थांना मिळाला, ज्यांनी आपल्या बुलेक्सवरचं प्लास्टिकचं कव्हरसुद्धा कधी काढलं नव्हतं. बाबा म्हणाले, "कामाले जुंपलाच नाई तं खांदा दुखन कसा?" तेवढं एकच वाक्य ते बोलले आणि नंतर पुष्कळ वेळ वांग्यांमध्ये जाऊन उभे राहिले. पातेल्यावर हात ठेवायचा कार्यक्रम त्याआधीच, स्वप्निलदादा जेवून गेल्यावर झाला होता.

जायच्या आधी मात्र त्याने आमचाही फोटो घेतला होता, आठवण म्हणून. बाबांनी बुलेक्सला झूल घातली, बेगड लावली, पडद्याच्या दोन्ही कोपऱ्यांना गोंडे बांधले आणि मला म्हणाले, "तूही ये वं, डॉक्टरीणबाई!" मला फोटोची लाज वाटते. मी आले, पण प्रत्येक "जरा जवळ ये" नंतर मी थोडी लांब सरकत गेले.

काही दिवसांनी आर्वीहून फोन आला. नाचणगावच्या गृहस्थांनी फोटोतही कव्हर काढू दिलं नव्हतं, आणि फलकावर ते एका गाठोड्याशेजारी उभे आहेत असं दिसत होतं. डीलरने तो फोटो बाजूला ठेवला आणि आमचा लावला. आता आर्वीच्या स्टँडसमोर माझे बाबा आहेत, टोपी घालून, सजवलेल्या बुलेक्सच्या खांद्यावर हात ठेवून, आणि खाली लिहिलं आहे, 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. पोळा होऊन गेला तरी कोणी तो काढलेला नाही. बाबा मिरच्यांच्या पोत्यासोबत बाजाराला जातात आणि एक बस सोडून दुसरीने परत येतात. मोतीलालजी म्हणतात की ते स्वतः आता बसच्या मागच्या दाराने उतरतात.

मागच्या रविवारी बाबांनी आम्हालाही नेलं. मी खूप वेळ वर पाहत होते. शाळेतल्या मुलींनाही मी सांगितलं आहे (हळू आवाजात, पण सांगितलं आहे) की त्या फलकावर मीही आहे. त्यांनी जाऊन पाहिलं आणि मला खोटारडी म्हणाल्या. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. फलकाच्या उजव्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप लागतो, त्याच्या अगदी आत, बुलेक्सच्या गोंड्याच्या थोडं खाली जे सावळं, टोकदार काहीतरी दिसतं, ते वांगं नाही. ते माझं कोपर आहे. आणि ते दुसऱ्या कोणाचं नसून माझंच आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याच्या

"ओ डॉक्टरीणबाई! नळ आला नं वं! पाण्याचा गुंड भर आधी, मंग लिहिजो!"